कलम चार, पोटकलम तीन

शुक्रवार, सव्वीस सप्टेंबर. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी कँटीनच्या गल्ल्यावर पोटकलमांचं बिल झालं साडेसत्याऐंशी, आणि त्यांचं पाकीट घरी राहिलं होतं.

त्यांनी उजवा खिसा पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा. मागे रांग वाढत चालली होती. ताटातलं जेवण निवत होतं.

"त्यांचे माझ्यात धरा हो," मागून आवाज आला. तो ऑफिसातल्या रंगारणीचा होता.

"बाई, सोमवारी देतो," पोटकलम ओशाळून म्हणाले. "साडेसत्याऐंशी."

"सत्याऐंशी द्या, सर. अर्धा सोडला मी."

"सोडला कसा? दशांशाचा पूर्णांक आपोआप होत नाही. कलम चार, पोटकलम दोन."

"बघा! जेवू घातलं तर माझ्यावरच कलम लावताहेत!"

रांगेतले चारसहा जण हसले. पोटकलमही हसले. त्यानंतर ते आयुष्यात हसले नाहीत असं नाही, पण त्या बाईसमोर मोकळेपणानं हसले ते तेवढंच.

पोटकलम हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. ऑफिसात त्यांना सगळे तसं म्हणत, पहिल्यांदा पाठीमागे आणि पुढे तोंडावर. संगणकाच्या पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या चिपा बनवणारी ती कंपनी. तिच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनशेजारच्या अरुंद खोलीत, पोटकलम एकोणीस वर्षं एकच पुस्तक लिहीत होते. शेडर म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला कोणता रंग द्यायचा हे सांगणारा छोटा प्रोग्राम. असे प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात, त्या भाषेचा प्रमाणग्रंथ म्हणजे हे पुस्तक. चारशे बारा पानं. भाषा नऊ कंपन्यांच्या समितीची होती आणि ग्रंथही समितीचा होता, पण चौथं कलम, 'प्रकार आणि रूपांतर', पहिल्या अक्षरापासून पोटकलमांच्या हातचं होतं.

माणूस नाकासमोर चालणारा. गणिताची पदवी घेऊन ते आधी लेथ मशीनच्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहायचे. या कंपनीत आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी दाखवून दिलं की पान चौतीसवरचं वाक्य पान दोनशे दहावरच्या वाक्याच्या मुळावर उठतं. तेव्हाच्या साहेबांनी त्यांना तिथेच बसवलं ते कायमचं. घरीही तोच खाक्या. फ्रिजवर चिठ्ठी असे: 'एक, दूध. दूध म्हणजे एक लिटर. दोन, पाव. तीन, एक आणि दोन न मिळाल्यास फोन करणे.' बायको म्हणायची, "सासूबाईंनी तुम्हाला नावाऐवजी अनुक्रमांक द्यायला हवा होता."

रंगारीण दुसऱ्या मजल्यावर बसायची. ती गिऱ्हाइकांसाठी शेडर लिहायची, म्हणून रंगारीण. वय चाळीसच्या आसपास, बोलायला फटकळ, कामाला वाघ. घरात मिळवती ती एकटीच. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो दीड वर्षं घरी होता, आणि सासऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च कंपनीच्या विम्यावर चालला होता. पोटकलमांचं पुस्तक आख्ख्या इमारतीत मनापासून वाचणारं माणूस म्हणजे तीच. "तुमच्या चौथ्या कलमाला कादंबरीची मजा आहे, सर," ती म्हणायची. "कोण कुणात मिसळणार आणि कोण नाही, शेवटपर्यंत धाकधूक."

आणि मजा होतीच. संगणकाच्या लेखी दोन आणि दोन दशांश शून्य ही एकच गोष्ट नव्हे. पहिला पूर्णांक, तो मोजायसाठी. दुसरा दशांश; तो मापायसाठी. दिसायला जुळे भाऊ, पण आतली ठेवण वेगळी. पूर्णांक आठ आकडी असला तरी शेवटच्या एकापर्यंत खरा राहतो. दशांशाची झोळी मोठी, पण वीण सैल. फार मोठा आकडा तिच्यात टाकला की शेवटचा एक खालून गळून पडतो. तो नेमका कुठून गळायला लागतो हे पोटकलमांना घरच्या फोन नंबरासारखं पाठ होतं: एक कोटी सदुसष्ट लाख सत्याहत्तर हजार दोनशे सोळा. तिथपर्यंत सगळं सुखरूप. त्याच्या पुढचा, शेवटी सतरा असलेला आकडा दशांशात घातला की बाहेर येताना सोळा होऊन येतो. ना आवाज, ना तक्रार.

म्हणून पोटकलमांनी चौथ्या कलमाचं पहिलं वाक्य लिहिलं होतं: 'कोणतेही मूल्य सांगितल्याशिवाय आपला प्रकार बदलणार नाही.' पूर्णांकाचा दशांश करायचा असेल तर लिहिणाऱ्यानं तसं हातानं लिहावं, म्हणजे आपण काय करतोय हे त्याला कळेल. न लिहिता केलं तर कंपायलर अडवेल. कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा कारकून. पोटकलमांच्या मते फार कडक कारकून हाच चांगला कारकून. त्या एका वाक्यावर समितीच्या तीन बैठका झाल्या होत्या. ते वाक्य मंजूर झालं त्या संध्याकाळी पोटकलमांनी घरी आईस्क्रीम नेलं होतं. आईस्क्रीम म्हणजे काय याची व्याख्या न देता.

पण लोक वैतागत. नवशिके 'दोन दशांश शून्य' लिहायच्या जागी नुसतं 'दोन' लिहीत आणि कंपायलर त्यांच्या अंगावर धावून येई. दुसऱ्या एका कंपनीची भाषा अशा वेळी गुपचूप रूपांतर करून मोकळी होई. गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं. मग एकोणीस सप्टेंबरला समितीच्या अध्यक्षांची ई-मेल आली. प्रस्ताव असा की, पोटकलम तीनमध्ये बदल करावा आणि पूर्णांक लागेल तिथे आपोआप दशांश व्हावा.

या समितीची एक रीत होती. प्रस्ताव आला की सात दिवसांची मुदत. त्या मुदतीत कुणाची लेखी हरकत आली तर बैठक, चर्चा, मतदान. आली नाही तर प्रस्ताव मंजूर. हात वर करायचा नाही, सही करायची नाही. गप्प बसणं हीच सही. नऊ कंपन्यांची कामाची माणसं दर वेळी एकत्र कुठे आणायची, म्हणून ही सोय झाली होती आणि आजवर तिनं कुणाचं वाकडं केलं नव्हतं.

पोटकलमांनी सहा दिवस खपून दोन पानांची हरकत लिहिली. तिसऱ्या परिच्छेदात तो आकडा होता, शेवटी सतरा असलेला, आणि तो कसा सोळा होतो याचं उदाहरण होतं. शेवटच्या परिच्छेदात तडजोड होती: बदल करायचाच असेल तर निदान अशा जागी कंपायलरनं एका ओळीचा इशारा द्यायलाच हवा. हरकतीचा छापील कागद घडी करून त्यांच्या खिशात होता. पाकीट विसरलं, कागद विसरला नाही.

तो त्यांनी कँटीनच्या टेबलावर रंगारणीपुढे ठेवला. तिनं जेवता जेवता दोन्ही पानं वाचली. तिसऱ्या परिच्छेदाशी तिचा हात थांबला.

"हे खरं आहे, सर. आणि हे भयंकर आहे."

"भयंकर नाही म्हणता येणार. अचूकतेचा ऱ्हास म्हणता येईल."

"तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मी सांगते, यात उद्या मीच पडणार. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं काहीतरी वापरेन, आत दशांश असेल, मी पूर्णांक देईन, कंपायलर गप्प बसेल आणि मी तोंडावर आपटेन." तिनं कागद घडी करून परत दिला. "पाठवलीत?"

"सहा वाजेपर्यंत मुदत आहे. पुन्हा एकदा वाचून पाठवतो."

"किती वाचाल? पाठवा आता."

साडेतीन वाजता विभागप्रमुखांनी बोलावलं. पोटकलमांपेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण वागायला अतिशय गोड. त्यांनी दार लावून घेतलं, स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास पुढे केला. तेव्हाच पोटकलमांना समजायला हवं होतं.

"अध्यक्षांशी बोलणं झालं," विभागप्रमुख म्हणाले. "नव्या आवृत्तीला एक मुख्य संपादक नेमणार आहेत. नाव मुखपृष्ठावर. मी म्हटलं, आमच्याकडे माणूस आहे, एकोणीस वर्षं तेच करतोय. त्यांना पसंत आहे."

पोटकलमांनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला.

"श्रेणीही वाढेल. निवृत्तीला किती राहिलं? साडेतीन वर्षं? म्हणजे पेन्शन वरच्या पगारावर." मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तेवढं ते पोटकलम तीन गोडीगुलाबीनं होऊ दे. आपल्याच कंपनीला बदल हवाय. आपलाच माणूस हरकत घेतोय असं दिसलं तर कसं दिसेल?"

"मी अजून पाठवलेली नाही."

"मी कुठे म्हटलं पाठवू नका? तुम्ही स्वतंत्र आहात. मी फक्त कसं दिसेल ते म्हटलं."

पोटकलम खोलीत परत आले. हरकत पडद्यावर उघडी होती. त्यांनी ती पुन्हा वाचली. दुसऱ्या पानावर एक स्वल्पविराम जास्त होता, तो काढला. पाच वाजता पुन्हा वाचली. पावणेसहाला झेरॉक्सवाला मशीन बंद करून गेला. सहा वाजले. सहा वाजून एक मिनिट झालं. पोटकलमांनी ई-मेल 'मसुदे' या कप्प्यात ठेवून दिली आणि दिवा घालवला.

घरी बायकोनं पाकीट पुढे केलं. "दिवसभर टेबलावर होतं. जेवलात कसे?"

"उसने घेतले." मग चहा होईपर्यंत त्यांनी तिला सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट पचत नसे.

बायको शाळेत शिकवायची. समोरच्याचं उत्तर पुरतं ऐकून घेऊन मगच मार्क द्यायची तिला सवय होती. "म्हणजे तुम्ही होकार दिलात."

"होकार नाही दिला. मी काहीच बोललो नाही."

"तुमच्याकडे या दोन्हींत फरक काय?"

पोटकलमांनी कप बशीत ठेवला. "काही नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे ते एकच."

सोमवारी त्यांनी घरून डबा नेला, मंगळवारीही. कँटीनमध्ये गेलो तर रंगारीण भेटेल आणि विचारेल, हे एवढंच कारण होतं. बुधवारी ती जिन्यात भेटलीच. तिनं विचारलं नाही. मंजुरीची ई-मेल सगळ्यांना गेली होती, ती तिनंही वाचली होती.

"इशाऱ्याची ओळसुद्धा नाही, सर?"

"समितीचा कल तसा नव्हता," पोटकलम म्हणाले.

ती दोन पायऱ्या उतरली, मग वळली. "कुणी हरकत घेतली होती का?"

"नाही. कुणीच नाही."

हे वाक्य अक्षरशः खरं होतं. पोटकलमांची वाक्यं नेहमीच अक्षरशः खरी असत.

चौथ्या कलमाचं ते पहिलं वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं आणि पोटकलम तीन नव्यानं लिहिलं: 'पूर्णांक मूल्य आवश्यक तेथे आपोआप दशांश होईल.' नितळ वाक्य. नवी आवृत्ती आली. मुखपृष्ठावर नाव आलं. श्रेणी वाढली. बायकोनं ते पुस्तक कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, इस्त्रीच्या कपड्यांच्या मागे.

तीन वर्षं काही झालं नाही. हे सांगणं भाग आहे, कारण त्या तीन वर्षांत पोटकलमांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती की होणारही नाही. नवशिके खूश होते. गिऱ्हाईक परत आलं.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, ऑगस्टमध्ये, बंदरातून फोन आला.

बंदराच्या यार्डाचा नकाशा रंगारणीनं केला होता. पडद्यावर हजारो छोटे डबे. प्रत्येक डबा म्हणजे एक कंटेनर. ऑपरेटरनं डब्यावर बोट ठेवलं की त्याची माहिती उघडते, आणि थंड कंटेनर असेल तर त्याची वीज तिथूनच चालू किंवा बंद करता येते. कोणत्या डब्यावर बोट ठेवलं हे ओळखायची युक्ती जुनीच होती. दिसणाऱ्या चित्रामागे एक न दिसणारं चित्र काढायचं आणि त्यात प्रत्येक डबा त्याच्या अनुक्रमांकाच्याच रंगानं रंगवायचा. बोट पडेल तिथला रंग वाचला की क्रमांक कळतो. रंग भरणारा भाग रंगारणीनं कंपनीच्या जुन्या साठ्यातून घेतला होता. त्याला दशांश लागत असे. तिनं पूर्णांक दिला. कंपायलर गप्प बसला.

बंदरात येणाऱ्या प्रत्येक कंटेनरला पुढचा अनुक्रमांक मिळे. कैक वर्षांचे आकडे चालत आले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते पोटकलमांना पाठ असलेल्या त्या आकड्यापाशी पोहोचले आणि एका दुपारी सोळावर संपणारा कंटेनर आत आला. पाठोपाठ सतरावर संपणारा आला आणि त्याच्या शेजारी लागला. सतरा रिकामा होता, त्याची वीज तोडायची होती. ऑपरेटरनं सतरावर बोट ठेवलं. पडद्यानं सोळा निवडला. आठ आकड्यांतला शेवटचा एक आकडा वेगळा. दिवसाला चारशे कंटेनर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना तो कुठला दिसायला! त्यानं 'बंद' दाबलं.

सोळात चोवीस टन गोठवलेली मासळी होती. पाचव्या दिवशी वासानं पत्ता लागला. त्या पाच दिवसांत आणखी किती विषम आकड्यांनी शेजारच्याचं नाव घेतलं असेल, ते मोजायला वेगळी माणसं बसवावी लागली.

नुकसानभरपाईचा दावा कंपनीवर आला, आणि कंपनीला खापर फोडायला डोकं हवं होतं. कायदेखात्याच्या वकीलबाईंनी चौकशी सुरू केली. त्या सज्जन होत्या आणि घाईत होत्या. त्यांचा मुद्दा सरळ होता: भाषेत चूक असेल तर कंपनी आणि समिती दोघी अडकतात, भाषा बरोबर असेल तर चूक प्रोग्राम लिहिणारीची.

रंगारीण पोटकलमांच्या खोलीत आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ती बसली नाही.

"सर, तो कागद आहे ना तुमच्याकडे?"

"कोणता?"

"नका असं करू." ती शांतपणे म्हणाली. "तिसरा परिच्छेद. हाच आकडा होता त्यात, सर. दुसरा कुठला नाही, हाच. आणि शेवटी इशाऱ्याची ओळ होती. ती ओळ भाषेत असती तर मला त्याच दिवशी दिसलं असतं."

"तुला माहीत होतं तरीही तू..."

"हो. माहीत होतं आणि तरीही पडले. म्हणूनच इशारा लागतो ना? माहीत नसणाऱ्याला एकदा शिकवलं की झालं. माहीत असलेल्याला रोज आठवण लागते. हे तुम्हीच लिहिलं होतं त्यात." तिनं खुर्चीची पाठ धरली. "तो कागद दाखवलात तर एवढंच सिद्ध होईल की धोका लोकांना दिसला होता. मग सगळं माझ्या एकटीच्या माथी मारता येणार नाही. मेमो देतील, बढती रोखतील. नोकरी राहील. मला तेवढीच हवीय."

"बघतो," पोटकलम म्हणाले.

"बघतो म्हणजे काय? तुम्ही तर दुधाचीसुद्धा व्याख्या करता."

पोटकलमांनी चष्मा काढून पुसला. निवृत्तीला पाच महिने उरले होते. कागद दाखवायचा म्हणजे पुढचा प्रश्न आलाच: पाठवला का नाही? त्यानंतरचा: त्या शुक्रवारी विभागप्रमुखांच्या खोलीत काय बोलणं झालं? आणि त्यानंतरचा प्रश्न कुणी तोंडानं विचारला नसता, नुसतं मुखपृष्ठाकडे बघितलं असतं.

"मला जरा विचार करू दे," ते म्हणाले.

"करा. पण सात दिवस लावू नका."

ती गेली. दुपारी वकीलबाईंचा छापील कागद आला. त्यावर एकच प्रश्न होता: 'सदर प्रसंगी कंपायलरचे वर्तन प्रमाणग्रंथास धरून होते काय? होय / नाही.' त्याखाली 'टिपणी असल्यास' असं लिहून चार रेघा आखल्या होत्या.

घरी बायको म्हणाली, "चार रेघा आहेत ना? चार ओळी लिहा आणि मोकळे व्हा. पेन्शन थोडीच काढून घेणार आहेत."

"चौकशी मागे लागली तर पेन्शन अडकते. एकदा अडकली की वर्षं जातात."

"आणि तिची नोकरी?"

"तिच्या कामात चूक आहेच. मी काही खोटं लिहिणार नाहीये."

"तुम्ही खोटं कधी लिहिता?" बायको वह्या तपासायला बसली. "तीच तर अडचण आहे तुमची."

दुसऱ्या दिवशी पोटकलमांनी 'होय'वर गोल केला. पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कलम चार, पोटकलम तीन पहा.' खाली सही केली, तारीख घातली. चार रेघा कोऱ्या राहिल्या. कागद पाठवून झाल्यावर त्यांनी 'मसुदे' उघडून पाहिलं. हरकत तिथेच होती. तारीखही तीच. त्यांनी ती पुसली नाही. पुसणं हा पुरावा नष्ट करणं झालं असतं, आणि तसलं काही त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

रंगारणीला काढलं नाही. तिला समोर बसवून राजीनामा लिहून घेतला. महिनाअखेर सगळ्यांना ई-मेल आली की, सदर कर्मचारी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने जात आहेत. कंपनीनं बंदराला कळवलं की संबंधित व्यक्ती आता आमच्या सेवेत नाही. बंदराचं समाधान झालं. दावा निम्म्यात मिटला. विम्याचं कार्ड तिला त्याच दिवशी परत करावं लागलं.

ती गेली त्या दुपारी पोटकलम तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टनं खाली येत होते. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि ती आत आली. हातात खोकं, खोक्यात मग, चपलांचा जोड आणि चारशे बारा पानांचा ग्रंथ, जागोजागी चिठ्ठ्या लावलेला. लिफ्टमध्ये दोघंच. पोटकलमांना काहीतरी बोलायला हवं होतं आणि त्यांना एकच गोष्ट सुचली. त्यांनी पाकीट काढलं. त्या दिवशी ते विसरलं नव्हतं.

"बाई, तुझे ते... कँटीनचे. साडेसत्याऐंशी. राहूनच गेले." त्यांनी शंभराची नोट पुढे केली.

तिनं नोटेकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात खोक्यात अडकले होते.

"सोमवारी देणार होतात ना?" ती म्हणाली. "मग सोमवारीच द्या."

"आता सोमवारी तू कुठे..."

"आणि माझ्याकडे सुटे साडेबारा नाहीत. बाकीचे सोडून द्या म्हणाल, तर तुमचंच कलम आडवं येतं." लिफ्ट तळमजल्यावर थांबली. तिनं कोपरानं दार अडवलं, आणि आताही 'सर' न म्हणता बोलली, "तुम्ही नुसतं 'नाही' म्हणाला असतात ना, तरी चाललं असतं. कागद देत नाही, जा. मी भांडले असते. तुम्ही 'बघतो' म्हणालात, आणि मी आठ दिवस वाट बघत बसले."

ती गेली. दार मिटलं. पोटकलम उतरले नाहीत आणि त्यांनी दुसरा मजलाही दाबला नाही, त्यामुळे लिफ्ट काही वेळ तिथेच उभी राहिली.

नोव्हेंबरात समितीपुढे एक प्रस्ताव आला. पूर्णांकाचा आपोआप दशांश होईल तिथे कंपायलरनं एका ओळीचा इशारा द्यावा. दुसऱ्या एका कंपनीतल्या कुण्या इंजिनिअरनं तो मांडला होता. सात दिवसांत कुणाची हरकत आली नाही. मुख्य संपादक या नात्यानं वाक्य पोटकलमांनीच ग्रंथात बसवलं. त्यांच्या मसुद्यातल्या वाक्यात आणि या वाक्यात दोनच शब्दांचा फरक होता, आणि ते दोन शब्द इंजिनिअरचे चांगले होते.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला. मुखपृष्ठाची चौकट करून दिली. विभागप्रमुख गोड बोलले. "एवढ्या वर्षांत यांनी कधी कुणाला विरोध केल्याचं मला आठवत नाही," ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. बायको पहिल्या रांगेत बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, तिच्या मांडीवर पर्स होती. चौकट त्यांनी घरी आणली. ती अजून भिंतीला लागलेली नाही, कारण खिळा कुठे मारायचा यावर घरात एकमत नाही.

पेन्शन वरच्या श्रेणीनं, दर महिन्याच्या एक तारखेला, न चुकता येते. रंगारीण आता कुठे काम करते हे पोटकलमांना माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. शंभराची ती नोट त्यांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यात वेगळी ठेवली होती, आणि एकदा बाजारात सुटे मिळाले तेव्हा तिच्या जागी साडेसत्याऐंशी बरोबर मोजून ठेवले आहेत.

ते अजून द्यायचे आहेत.